राजवाडा बंद शे!

जळगावचा माणूस सुवर्णनगरीतून निघतो आणि बँकॉकला उतरतो तो थेट सुवर्णभूमीत. तिथल्या विमानतळाचं नावच तसं आहे. त्यामुळे परदेशात आलो असं काही वाटेना. भुसावळला गाडी बदलली, एवढंच.

आम्ही चौघं. धुळ्याचा आप्पा, जो जगात कुठंही अहिराणीच बोलतो. रावेरचा पाटील, केळीबागायतदार. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेला सोन्या. आणि हिशेब ठेवायला मी. पाठीवर सॅक, सॅकमध्ये बिबडे, शेव आणि ठेचा. निघण्याआधी रात्री जागून व्हिडिओ पाहिले होते आणि बँकॉकमध्ये पर्यटकांना कसकसं गंडवतात ते तोंडपाठ केलं होतं. शहर बघण्यापेक्षा गंडवणारा कधी भेटतो याचीच जास्त ओढ.

पहिल्याच सकाळी ग्रँड पॅलेसच्या भिंतीपाशी तो भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, चेहरा हेडमास्तरांचा. म्हणाला, राजवाडा आज बंद. धार्मिक सण आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर हा टुकटुकवाला फक्त 20 बाथमध्ये 'लकी बुद्धा' दाखवून आणेल. वाटेत सरकारी रत्नांचं दुकान, सवलतीचा आज शेवटचा दिवस.

शब्दन् शब्द व्हिडिओतला! पाटील टाळी वाजवायच्या बेतात होता. गिऱ्हाईक दुकानात नेऊन सोडलं की टुकटुकवाल्याला कमिशन किंवा पेट्रोलचं कुपन मिळतं, आणि गिऱ्हाइकाला हलका नीलम भारी भावात, 'तुमच्या देशात दामदुपटीनं विका' या आशीर्वादासह.

आप्पानं त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. "भो, बंद शे तं हाई एवढी जत्रा मजार कसाले जाई ऱ्हायनी?"

हेडमास्तरांना अहिराणी कळली नसावी, पण सूर कळला. ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

विजयाच्या धुंदीत आम्ही दाराशी गेलो. तिथं शिपायानं पाटलाच्या हाफ पँटकडे बोट दाखवलं. गुडघे झाकल्याशिवाय प्रवेश नाही. जवळच हत्तींच्या चित्रांच्या ढगळ विजारी टांगलेल्या. पाटलाचे डोळे चमकले. "हा खरा सापळा! शिपाई आणि विजारवाला, दोघं एक!" नियम खरा होता, फलकावर चित्रासकट होता. पण पाटील फसणार नव्हता. तो बाहेर बसला.

आम्ही 500 बाथचं तिकीट काढून आत. 1782 मध्ये पहिल्या रामानं या राजवाड्याचं काम सुरू केलं. तिथले राजे रामच. पहिला राम, दुसरा राम, असे. भिंतींवर अख्खं रामायण, हनुमान तर पावलोपावली. पण सोन्या अडला तो पाचूच्या बुद्धापाशी. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर, नाव पाचूचा बुद्ध, आणि दगड पाचू नव्हेच, हिरवा जेड असावा म्हणतात. सोन्याला भलताच आनंद झाला. "राजाच्या देवळातला पाचू पाचू नाही, आणि तो 20 बाथवाला मला पाचू देणार होता!"

बाहेर आलो तर पाटील फूटपाथवर सुन्न. हातात एक केळं, प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद. जवळच्या दुकानात 10 बाथला घेतलेलं, म्हणजे आपले पंचवीस-तीस रुपये. किलोवर नाही, डझनावर नाही, नगावर! आमच्याकडे भाव पडला की किलोभराचेसुद्धा एवढे हाती लागत नाहीत. त्यानं ते केळं खाल्लं नाही. रावेरच्या व्यापाऱ्याला दाखवायला चारही बाजूंनी फोटो मात्र काढले.

तिसऱ्या दिवशी पाटील फुल पँट घालून तयार. पण वाटेत याओवरात रस्ता लागला, सोन्याच्या पेढ्यांचा, आणि आमचा सोन्या तिथं रुतला. थायलंडमध्ये बाथ हे चलनही आणि सोन्याचं वजनही. एक बाथ सोन्याची लगड 15.244 ग्रॅमची; आपला जुना तोळा 11.66 चा. शुद्धता 96.5 टक्के. कागदावर गुणाकार झाले, सहा दुकानं झाली. भाव सगळीकडे एकच, फलकावर लावलेला, वजन चोख. लबाडी कुठं सापडेना, तसा सोन्या अधिकच अस्वस्थ होत गेला.

राजवाड्याशी पोचलो तेव्हा पावणेचार. शिपाई म्हणाला, बंद झाला, तिकीट साडेतीनपर्यंतच.

आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.

"हाऊ बी तेस्नामाच शे," आप्पानं निकाल दिला. दुसरं दार शोधायचं ठरलं. भिंत 1,900 मीटरची. भर उन्हात सगळी चाललो, लागेल त्या दाराला हात लावत, आणि निघालो होतो तिथंच परत आलो. तिथं इस्त्रीचा शर्ट उभा होता. त्यानं आम्हाला ओळखलं. घड्याळाकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच अगदी मनापासून म्हणाला, "राजवाडा आज बंद."

पाटील घाम पुसत खाली बसला. आप्पानं टुकटुककडे पाहिलं.

"20 बाथच ना रे भो?"