राखेचे दिवस

ऐकलंत का? आमच्या तेलंगणातल्या बोथमध्ये लोक घराला राखेचा रंग द्यायला लागलेत. हो बाप्पा, राखेचा! जिने आजवर तवे-पातेली घासली, ती आता दर्शनी भिंतीवर जाऊन बसली. शेडकार्डावर तिचं नाव इंग्रजीत छापलंय, म्हणून तिला राख म्हणायचं नाही एवढंच.

पूर्वी दसरा-दिवाळी तोंडावर आली की कळीचा चुना माठात पडायचा. तो रात्रभर खदखदायचा, सकाळी गाळून त्यात नीळ, मूठभर मीठ, थोडा डिंक. कुंचल्याने दोन हात मारले, खाली गेरूचा पट्टा ओढला, की झालं. भिंतीला टेकलं तर सदऱ्याची पाठ पांढरी. रंगाबद्दल भांडण व्हायचंच तर एवढंच, की नीळ जास्त पडली.

आता घरोघरी संसद भरते. पोराला मोबाइलमधलं 'एलिव्हेशन' पाहिजे, सुनेला माहेरच्यासारखं, आणि सगळ्यांना शेजाऱ्यापेक्षा वेगळं. वेगळं शोधता शोधता ओळीतली पाच घरं सारखी झाली. राखाडी भिंत, पांढरी पट्टी, बाल्कनीला नारिंगी चौकोन.

गुलाबी का नाही म्हणता? अहो, तेलंगणात गुलाबी हा रंग नाही, पक्ष आहे. भगवा, हिरवा, निळा, सगळ्यांना धनी आहेत. शेजारच्या आंध्रात ग्रामपंचायतींच्या इमारतींना तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे रंग फासले, तर २०२०मध्ये हायकोर्टाने ते काढायला लावले आणि सुप्रीम कोर्टानेही निकाल बदलला नाही. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा राख बरी. राखेला अजून कुणी तिकीट दिलेलं नाही.

पण उन्हाचं काय? आदिलाबाद जिल्ह्याचा मे महिना, पारा पंचेचाळिसाला भिडतो. गडद भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री आपल्यालाच परत करते. तेलंगणा सरकारने २०२३मध्ये कूल रूफ धोरण आणलं, की छतं पांढरी करा, ऊन परतवा. बिचारा चुना हे काम फुकटात करत होता, तर त्याला आपण गावंढळ ठरवून गोठ्यात धाडलं. आता गाई गारव्याला आणि आपण कूलरपुढे!

परवा किनवटहून आत्याबाई आल्या होत्या. समोरच्या घराला पुट्टी झाली, प्रायमर झालं, वर महागातल्या रंगाचे दोन हात झाले. यजमान फाटकापाशी छाती काढून उभे. आत्याबाईंनी घर खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मायेने विचारलं, "प्लास्टर छान झालंय हो. रंग कधी लावणार?"

यजमान दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

आमचं विचाराल तर पोळ्यापासून आमच्या भिंतीवर नमुन्याचे सात चौकोन आहेत. सकाळी जो आवडतो तो दुपारच्या उन्हात आजारी दिसतो, आणि ट्यूबलाइटखाली भलताच कुणीतरी. पेंटर येतो, चहा पितो, "ठरलं का?" विचारून जातो.

काल मात्र पलीकडच्या गल्लीतल्या एकाने थांबून त्या भिंतीचा फोटो काढला. त्याच पेंटरला पाठवला म्हणे, आणि खाली लिहिलं, "हे डिझाइन आपल्याला पाहिजे."