जेमतेम सव्वाशे किलोमीटर

मुंबईचा विमानतळ आणि पुण्याचं लोहगाव यांच्यात सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. ऐन भरात आलेलं जेट विमान एवढी वाट दहा मिनिटांत संपवील. पण या वाटेवर त्याला भरात येऊच देत नाहीत. दहा हजार फुटांखाली सहसा 250 नॉटच्या आतच राहायचं, आणि वर जाऊन जरा ऐसपैस व्हावं, तोच उतरायची घोषणा. ज्या बोरघाटातून रेल्वे वर न्यायला 1863 साल उजाडलं, जिथे आजही कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं लागतात, तो घाट खिडकीतल्या माणसाचा पट्टा नीट बसेतो सरलेला असतो. आणि कर्जतचा बटाटेवडा चुकतो तो चुकतोच.

तरीही हा मार्ग जेव्हा जेव्हा चालू असतो, तेव्हा वेळापत्रकात पाऊण तास, तासभर लिहिलेला असतो. कारण विमानाचं घड्याळ आकाशात नव्हे, जमिनीवर सुरू होतं. चाकांचे ठोकळे काढून विमान जागचं हललं की वेळ मोजायला लागायची, ती पलीकडे पुन्हा ठोकळे लागेपर्यंत. मधलं रांगणं, रांगेत उभं राहणं, सगळं त्यात धरलेलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं आणि रांग लांबते. यातली मोठी पट्टी सुमारे 3.4 किलोमीटरची. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान 1967 पासून उडतंय, त्याचा अख्खा प्रवास 2.7 किलोमीटरचा! वारा प्रसन्न असताना तो 53 सेकंदांत झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे ते उड्डाण धावपट्टीवरच आटोपलं असतं.

पण प्रतीक्षेलाही प्रवासात धरण्याचा हा हिशेब मला फार समंजस वाटतो. आमच्या पुण्याच्या आत्याकडे गेलं की पहिला तासभर हवापाणी, भाज्यांचे भाव आणि समोरच्या इमारतीचं रंगकाम यांत जातो. मग मी ‘येतो गं’ म्हणतो, एका पायात चप्पल सरकवतो, आणि खरी आत्या तिथे सुरू होते. गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नको, मुलाचा फोन हल्ली रविवारीच का येतो, काकांची सायकल अजून कुणाला द्यावीशी का वाटत नाही, हे सगळं दाराच्या कडीवर बोट फिरवत निघतं. सोफ्यावर ते कधीच निघत नाही. घरी मात्र या वेळेला उशीर म्हणतात.

आता तिला हे ठोकळ्यांचं शास्त्र समजावून सांगणार आहे. ती शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, “म्हणजे एवढ्याशा प्रवासात चहासुद्धा मिळत नसेल रे.” आणि मी नको नको म्हणत असताना आधण ठेवायला आत वळेल.