एसी-प्रतिष्ठापना: नवयजमानांसाठी सुलभ विधी

ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी ‘साधी गाडी काढून एसी लोकल देऊ नका’ म्हणून आंदोलन केलं होतं. घरच्या एसीच्या बाबतीत ती सोय नाही. तिथे यजमानही आपणच, आंदोलकही आपणच आणि पैसे भरणारेही आपणच. म्हणून ठाणे, डोंबिवली आणि कल्याण परिसरातल्या नवयजमानांसाठी हा विधी क्रमवार देत आहोत. वाचताना पंखा पाचवर ठेवावा.

मुहूर्त

एसी घेण्याचा शास्त्रोक्त महिना जानेवारी. तेव्हा दुकानदार स्वतः उठून पाणी विचारतो आणि फिटर दुसऱ्याच दिवशी हजर होतो. पण जानेवारीत एसी घेणारा माणूस अजून कोणाच्या पाहण्यात नाही. आपला मुहूर्त लागतो मे महिन्यात, रात्री पावणेतीनला, उशीची थंड बाजू शोधताना. समुद्राचा वारा कुलाब्याला वेळेवर पोचतो. खाडीच्या अलीकडे यायला त्याला चाकरमान्यासारखाच उशीर होतो, आणि तोवर भिंती तापून झालेल्या असतात. सकाळी उठून दुकान गाठावं. ‘फिटर उद्या नक्की’ हे वाक्य चार दिवस रोज ऐकण्याची तयारी ठेवावी.

संकल्प

दुकानातल्या पाटीवरचा आकडा मनात धरावा. समजा, अडतीस हजार. घरी हाच सांगावा आणि शेवटपर्यंत याच आकड्याला चिकटून राहावं. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, हेही सांगावं. वाचलेले पैसे पुढच्या भागात खर्च होणार आहेत, हे सांगू नये.

याच वेळी घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, ‘दीड टन? भिंत पेलेल का?’ हसू नये, कारण टनाचा खरा अर्थ विचारला तर आपलीही तारांबळ उडते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता एक टनाचं यंत्र दिवसभरात खोलीतून उपसून बाहेर टाकतं. ताशी 12,000 बीटीयू. हा बर्फाच्या गाडीच्या जमान्यातला हिशेब आहे. दहा बाय बाराच्या बेडरूमला एक टन पुरतो. वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल, तर दीड. हॉल आणि बेडरूम दोन्ही एकाच एसीत गार होतील, असं सांगणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्यावा.

साहित्य

खोक्यात जे येतं त्यावर लक्ष देऊ नये. जे येत नाही त्याची यादी अशी: आउटडोअरचा स्टँड, जादा तांब्याची नळी, 4 स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी, 16 अँपचा सॉकेट, ड्रेन पाइप, भिंतीला पाडायचं भोक, ते पाडल्यावर उडालेलं प्लास्टर बुजवणारा गवंडी आणि ग्रिल कापणारा ग्रिलवाला.

यात खरं दैवत तांबं. खोक्यातली नळी साधारण तीन मीटर असते. बिल्डरने एसीची जागा ठेवलेली असते हॉलच्या खिडकीखाली आणि आपल्याला हवा असतो एसी बेडरूममध्ये, त्यामुळे नळी घरभर प्रदक्षिणा घालते. फिटर बोलतो फुटात, बिल येतं मीटरमध्ये. मीटरला हजाराच्या आसपास पडतात, तेव्हा मापाची टेप आपली वापरावी. नौपाड्यातल्या किंवा डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतीत राहत असाल, तर वायरमनला आधी बोलवा. त्या भिंतीतली वायर पंखा, ट्यूबलाइट आणि दिवाळीचा कंदील यांच्या हिशेबाने घातलेली आहे. एकूण काय, पाटीवरच्या आकड्यात सहा ते दहा हजार मिळवावेत. मिळवलेले मनातच ठेवावेत.

क्षेत्रपाल

प्रतिष्ठापनेआधी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घ्यावी. नियम असा असतो की आउटडोअर दर्शनी भागात दिसता कामा नये. मग तो जातो मागे डक्टमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या स्वयंपाकघराच्या तोंडासमोर. एसी गारवा तयार करत नाही, आपली उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. हे ‘दुसरीकडे’ म्हणजे कोणाचं तरी घर असतं. घोडबंदर रोडला टॉवरसमोर टॉवर आहेत. तिथे रात्री अकराला सगळे एकमेकांकडे गरम हवा पाठवतात, दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखी. ड्रेनचं पाणी खालच्या काकूंच्या कुरडयांवर पडलं, तर मात्र फराळही बंद होतो. पाइपला उतार आहे ना, ते फिटर असतानाच पाहून घ्यावं.

स्थापना

दोन मुलं येतात. एक ड्रिल धरतो, दुसरा खिडकीतून बाहेर जातो. पायात स्लिपर, कमरेला नायलॉनची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या बेडरूमच्या पलंगाला. पाचवा मजला. छज्ज्याची रुंदी दीड वीत. आपण विचारतो, ‘बेल्ट नाही का?’ तो सांगतो, ‘आहे ना साहेब, खाली गाडीवर.’ तो हसतो, आपल्याला हसू येत नाही. बिलात या सगळ्याची एकच ओळ येते: इन्स्टॉलेशन, दीड हजार. इतक्या स्वस्त ओळीकडे नीट पाहावं.

विधी असा: त्याला आत घ्यावं, दुसऱ्याला बेल्ट आणायला खाली पाठवावं आणि तोवर चहा टाकावा. घाई असेल तर आपली असते, त्याची नसते.

नळ्या जोडून झाल्या की गॅस सोडण्याआधी नळीतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते. याला ‘व्हॅक्यूम मारणं’ म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून ‘गरज नाही साहेब’ हे वाक्य येतं. गरज असते. पंप सुरू होईपर्यंत दारात उभं राहावं.

नैवेद्य

वीजबिलाचा हा नैवेद्य दर महिन्याला महावितरणला दाखवायचा असतो, कळवा-मुंब्र्यात टोरंटला. एसीवरच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. ते 1600 तासांच्या वापराचे आहेत, म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे रात्री. महावितरणचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. 300 ओलांडले की आख्खं बिल चढ्या दराने लागतं, ही अफवा. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. ऐकून तेवढंच बरं वाटतं. 1 जानेवारी 2020 पासून तारांकित एसी सुरू करताच आपोआप 24 अंशांवर लागतो. पाहुणे 18 करतात. रिमोट गादीखाली ठेवावा.

बाधा

दोन वर्षांनी कोणीतरी सांगेल, ‘गॅस संपलाय.’ एसीतला गॅस सिलिंडरसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस हा नुसता दानधर्म. डोंबिवली एमआयडीसीजवळ किंवा उघड्या नाल्याकाठी राहणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो, कारण हवेतले गंधकयुक्त वायू तांब्याची कॉइल खातात. ज्या गावाने 2014 मध्ये हिरवा पाऊस आणि 2020 मध्ये गुलाबी रस्ता पाहिला, त्याला याचं नवल वाटू नये.

फलश्रुती

लालबागच्या चाळीतली खोली सोडून डोंबिवलीत टू बीएचके घेतला, तो प्रत्येकाला स्वतःची खोली मिळावी म्हणून. एसी मात्र एकाच खोलीला परवडला. आता रात्री दहाला सगळं घर त्या एका खोलीत जमतं. पलंगावर दोघं, खाली गाद्यांवर चौघं, दाराच्या फटीला जुना टॉवेल. कोण कोणाच्या अंगावर पाय टाकतं यावरून चाळीत व्हायचं तेच भांडण सुरू होतं. दोनच्या सुमारास आजी उठून बसतात आणि म्हणतात, ‘किती गारठा केलाय! पडला तरी केवढ्याला?’

पाटीवरचा आकडा सांगावा. मग स्टुलावर चढून माळ्यावरची गोधडी काढावी आणि त्यांच्या अंगावर घालावी. सगळ्या साहित्यात फुकट मिळणारी एवढी एकच वस्तू आहे.