मूषकाची बडदास्त

मनुष्याला समाजात प्रतिष्ठा प्राप्त करून देणारी जी साधने आमच्या पूर्वजांनी सांगून ठेविली आहेत, त्यांत विद्या, वित्त, वय आणि कुल यांचा निर्देश असला, तरी दीर्घकाळ टिकणाऱ्या व्याधीचा समावेश त्यांनी का केला नाही, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. विद्वानाला त्याच्या घरात कोणी विचारीत नाही, श्रीमंताकडे आप्तेष्ट उसनवारीपुरतेच फिरकतात, आणि नुसत्या वृद्धाला तर पंखा कोणत्या आकड्यावर ठेवावा याविषयीदेखील मत देण्याचा अधिकार उरत नाही. पण त्याच वृद्धाला दमा, संधिवात अथवा मूत्रपिंडाचा एखादा सन्मान्य विकार जडू द्या, की त्याच्या जेवणाची वेळ, त्याच्या उशीची उंची आणि त्याला रात्री लागलेल्या झोपेची प्रत ही साऱ्या घराच्या कारभारातील अव्वल प्रकरणे होऊन बसतात. हा सिद्धांत मनुष्यजातीपुरताच मर्यादित असावा अशी माझी समजूत होती. तो मूषकजातीलाही तंतोतंत लागू पडतो, हे आमच्या घरच्या पांढऱ्या उंदराने सप्रमाण सिद्ध केले.

हा उंदीर मूळचा माझ्या भाचीचा. उच्च शिक्षणासाठी परदेशी प्रयाण करताना तिने पुस्तके आईकडे, दुचाकी मैत्रिणीकडे आणि उंदीर मामाकडे अशी आपल्या स्थावरजंगमाची वाटणी केली. आणि उंदीर व मामा यांचे नाते बालवाङ्मयाने पूर्वीच कायम करून टाकलेले असल्यामुळे मला हरकत घेण्यास जागा राहिली नाही. त्या वेळी त्याचे नाव बंड्या होते आणि वर्तनही नावास साजेसे होते. पायमोजे, पेन्सिली, काकूंच्या जपमाळेचा गोंडा आणि विजेचे बिल या चारही वस्तूंवर त्याने समान निष्ठेने दात चालविले. त्यात त्याचा दोष नव्हता. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, वर्षाला चार-पाच इंच या वेगाने वाढत असतात, आणि ते झिजविले नाहीत तर त्यालाच तोंड मिटता येईनासे होते. परंतु शास्त्राचा हा आधार मी जेव्हा काकूंपुढे मांडला, तेव्हा "मग मेल्याने आपले स्वतःचे बिल कुरतडावे" असा त्यांनी निकाल दिला. माझ्या या काकू वयाने ऐंशीच्या घरातल्या, दम्याच्या जुन्या मानकरी, आणि घरातील आजारपणाची वतनदारी त्या वेळेपर्यंत निर्वेधपणे त्यांच्याचकडे चालत आलेली.

उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. म्हणजे आपण एखादा नवा सदरा जुना म्हणून घरात वापरायला काढावा, तेवढ्या अवधीत त्याचे बालपण, तारुण्य आणि वानप्रस्थ ही सर्व उरकतात. बंड्याला दोन वर्षे पूर्ण झाल्यावर एके सकाळी त्याच्या डोळ्यांखाली व नाकाशी लाल डाग दिसू लागले, आणि रक्त आले, रक्त आले असा ओरडा करून काकूंनी अर्धा वाडा गोळा केला. ते रक्त नव्हते. उंदराच्या डोळ्यामागच्या एका ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाच्या द्रव्याने तांबडा झालेला स्राव येतो. निरोगीपणी तो स्वतःच तो पुसून टाकतो, आणि अंगात दुखणे शिरले किंवा मनाला क्लेश झाले म्हणजे ही स्वच्छता राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण लाल अश्रू ढाळणारा रोगी आमच्या वाड्याने यापूर्वी पाहिलेला नव्हता. त्या एका सकाळने बंड्याचा बंडोपंत झाला आणि काकूंच्या तोंडी त्याच्याविषयीचा एकेरी उल्लेख कायमचा बंद पडला. "बंडोपंतांना आज बरे दिसत नाही" हे वाक्य त्यांनी ज्या गांभीर्याने उच्चारले, त्या गांभीर्याने माझ्या प्रकृतीविषयी या घरात कधी कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही.

पशुवैद्याच्या दवाखान्यात आमची स्वारी मी वेताच्या टोपलीतून नेली. तेथील बाकावर डावीकडे एक अल्सेशियन, उजवीकडे दोन मांजरे, आणि मध्ये मांडीवर टोपली घेऊन मी, असा तो प्रसंग होता. आणि त्या दोन मार्जारांनी माझ्या टोपलीकडे पाहता पाहता आपापली दुखणी विसरल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. कारकुनाने नोंदवहीत रोग्याचे नाव लिहून घेतले, मग आडनाव विचारले, आणि मी गप्प राहिलो असे पाहून माझेच आडनाव बेलाशक लावून टाकले. या नोंदीचा दाखला घरी आणल्यावर काकूंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि "कुळात घेतलेच आहे तर वाढदिवसाला निदान ओवाळायला तरी हवे" असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

डॉक्टरांनी दिलेले निदान ऐकून आमच्या वाड्याचे मालक आबासाहेब विशेष हेलावले, आणि त्याला कारणही तसेच होते. मायकोप्लाझ्मा नावाचा एक जंतू बहुतेक सर्व पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात लहानपणापासूनच बिऱ्हाड थाटून असतो. तारुण्यात तो मुकाट्याने राहतो. मूळ मालक थकला की हळूहळू एकेक खोली व्यापू लागतो. आणि औषधाने त्याला काही काळ गप्प बसविता आले, तरी जागा खाली करून घेण्याची तजवीज अद्याप कोणत्याही शास्त्राला साधलेली नाही. "अगदी आमच्या तळमजल्यावरचा कुळकर्णी!" असे उद्गार आबासाहेबांच्या मुखातून बाहेर पडले, आणि तेव्हापासून ते रोज सायंकाळी बंडोपंतांच्या समाचाराला येऊ लागले.

या दुखण्यावर डॉक्सिसायक्लिनचे पातळ औषध मिळाले. त्याची मात्रा रोग्याच्या वजनावर ठरत असल्यामुळे दर रविवारी बंडोपंतांना स्वयंपाकघरातील तराजूवर बसविण्याचा शिरस्ता पडला. हा तराजू आमच्या सौभाग्यवतीने दिवाळीच्या फराळाचे रवा-बेसन मोजण्यासाठी घेतला होता, व आता त्यावर दुसरा स्वतंत्र तराजू मंजूर झाल्याशिवाय घरात लाडू होणार नाहीत असे तिने जाहीर केले आहे. वजन 520 ग्रॅमवरून 470 वर आले तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली; ते 480 झाले तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली; आणि त्याच महिन्यात माझे वजन चार किलोंनी घटले, त्याची वार्ता मी होऊन सांगितली तेव्हा "बरे झाले, पोट सुटले होतेच" यापलीकडे कोणतीही प्रतिक्रिया उमटली नाही.

औषध देणे हा मात्र स्वतंत्र अध्याय आहे. काकूंच्या मते जगातील प्रत्येक औषध दुधाबरोबर घ्यावे, आणि या एका औषधाचे दुधाशी हाडवैर. दुधातील चुन्याशी त्याची गाठ पडली की ते पोटात शोषलेच जात नाही. डॉक्टरांचे हे फर्मान काकूंनी अमान्य केले नाही, पण मान्यही केले नाही, आणि बंडोपंतांच्या पिंजऱ्याजवळ त्या दुधाची वाटी घेऊन घुटमळताना दिसू लागल्या, तेव्हा मला पिंजऱ्याची कडी माझ्या ताब्यात घ्यावी लागली. अखेर पिकलेल्या केळ्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यात थेंब मुरवून देण्यावर उभयपक्षी समेट झाला. बंडोपंत तो गोळा दोन्ही हातांत धरून, चारी बाजूंनी हुंगून, औषधाचा भाग बाजूला ठेवून उरलेले केळे खातात. उंदराला ओकारी येत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. त्यामुळे काय पोटात घ्यावे याविषयी तो जन्मतःच फार चिकित्सक असतो, आणि वार्धक्याने ही चिकित्सा कमी होण्याऐवजी वाढते, हे ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे छातीत घरघर वाढली आणि डॉक्टरांनी वाफाऱ्याचे यंत्र सुचविले. असे यंत्र घरात होते. पण ते काकूंचे होते. आपल्या वतनातील मुख्य निशाणी दुसऱ्याच्या हवाली करण्यास त्यांची तयारी होईल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. तथापि पुष्कळ वाटाघाटींनंतर जो तहनामा झाला, त्यान्वये सकाळी सात वाजता काकू आणि संध्याकाळी सात वाजता झाकणाच्या डब्यात बसून बंडोपंत, नळ्या वेगळ्या, औषध वेगळे, यंत्र एक, अशी कलमे ठरली. यातून एक अवघड प्रसंग मात्र उद्भवला. काकूंच्या माहेरची मंडळी भेटीस आली असता त्यांतील एका वयस्क बाईंनी, वाड्याच्या दारातच आबासाहेबांकडून सारी हकीकत ऐकून, मोठ्या आस्थेने "आता श्वास कसा आहे?" म्हणून विचारले. काकूंनी पदर सावरून आपल्या श्वासाचा गेल्या पंधरवड्याचा रोजनामा सादर करण्यास प्रारंभ केला. बाईंनी तो अर्ध्यात थांबवून "तुमचा नव्हे हो, त्यांचा!" असे पिंजऱ्याकडे बोट दाखविले. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बंडोपंतांशी बोलत होत्या.

श्वासापाठोपाठ मागचे पाय गेले. वृद्ध नर उंदरांत मज्जारज्जूच्या मुळांचा ऱ्हास होऊन मागच्या पायांतली शक्ती ओसरत जाते. वेदना फारशी नसते, पण उडी संपते. पंचतंत्रातील हिरण्यक उंदराची उडी बिळातले धन कोणी खणून नेल्यामुळे खुंटली होती, आणि धन परत मिळाल्यास ती परत येईल अशी त्या कथेत निदान तर्कशुद्ध आशा तरी होती. आमच्या बंडोपंतांचे धन, म्हणजे फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे आणि माझ्या सदऱ्याचे एक बटण, कोपऱ्यात जसेच्या तसे शाबूत होते. तेव्हा त्यांचे वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड आम्ही तळमजल्यावर हलविले, शिडी काढून टाकली, आणि लाकडी भुशाची धूळ छातीला बाधते म्हणून जुन्या मऊ धोतराची बिछाईत घातली. ती रोज बदलावी लागते. कारण मूत्रातील अमोनियाने फुप्फुसाचा विकार बळावतो. माझी धोतरे या कामी खर्ची पडत असून आता लग्नकार्याला विजार घालून जाण्याची वेळ आली आहे.

याच घरात, याच काळात, मोरीपाशी दुसरा एक पिंजरा लावलेला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यात भजी अडकवून घरातल्या काळ्या उंदरांना पकडण्यात येई व पुढील विल्हेवाट गडी लावी. हा विरोध मी काकूंच्या नजरेस आणला. "तो चोर, हे आपले," असे त्यांनी एका वाक्यात सांगितले, आणि प्राणिशास्त्र त्यांच्याच बाजूचे निघाले: घरांच्या आढ्यांवरून पळणारा काळा उंदीर ही एक जात, आणि पाळीव पांढरा उंदीर ज्याच्यापासून निपजला तो तपकिरी उंदीर ही दुसरी. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीरमाऱ्या लंडनमध्ये होता. तो हजारो उंदीर मारी, आणि त्यांत जे चमत्कारिक रंगाचे सापडत ते राखून, त्यांची वीण वाढवून, खानदानी स्त्रियांना विकी. बीट्रिक्स पॉटर या लेखिकेने तर 1908 साली आपले एक पुस्तक स्वतःच्या दिवंगत पांढऱ्या उंदराला अर्पण केले. मोरीतला पिंजरा आणि दिवाणखान्यातला पिंजरा यांमधले अंतर त्या लोकांनी कसे कापले, हे मला वाचून कळले. आमच्याकडे ते काकूंनी काहीही न वाचता कापले.

आबासाहेब समाचाराला रोज येत, पण उंदराविषयीची त्यांची धास्ती घालविणे तेवढे कठीण गेले. त्यांच्या आजोबांनी प्लेग पाहिलेला. 1896 मध्ये मुंबईत आणि त्यानंतर लवकरच पुण्यात ती साथ शिरली, तेव्हा आळीत उंदीर पडला की माणसे घरदार सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहावयास जात, आणि त्या आठवणी आबासाहेबांच्या घरात अद्याप जिवंत आहेत. पिसू हीच रोगाची खरी वाहक, असा पुरावा सिमों या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्ये कराचीत मिळविला, ही गोष्ट मी त्यांच्यापुढे ठेवली व बंडोपंतांच्या अंगावर पिसू नसल्याबद्दल पशुवैद्याचा दाखला जोडला. आबासाहेबांनी तो दिव्यापाशी नेऊन पाहिला, घडी घालून परत केला आणि मगच ते खुर्चीवर पुरते टेकले.

उन्हाळ्यात नवा पेच आला. उंदराला घाम येत नाही. अंगातली बरीच उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान तीस अंशांच्या वर गेले की त्याचा जीव कासावीस होतो. चैत्रातल्या पुण्यात तीस अंश ही दुपारच्या आधीचीच गोष्ट. म्हणून फरशीचा एक तुकडा माठाखाली गार करून पिंजऱ्यात ठेवण्यात येऊ लागला, खिडकीला वाळ्याचा पडदा लागला, आणि दिवाणखान्यातला पंखा, जो काकूंच्या दम्यामुळे कित्येक वर्षे दोनच्या पुढे कधी सरकला नव्हता, तो काकूंच्याच हुकुमाने चारवर गेला. त्या खाली शाल पांघरून बसल्या. बंडोपंतांनी दात कचकच वाजविले आणि त्यांचे तांबडे डोळे लयीत आतबाहेर हलू लागले. पाहुण्यांना ही प्राणांतिक अवस्था वाटते. वस्तुतः उंदीर अत्यंत संतुष्ट असला म्हणजे असे करतो.

गणेशोत्सवात तर त्यांचा भाव भलताच वधारला. आरतीला जमलेली बालमंडळी गणपतीपुढून निघून थेट वाहनापुढे येत आणि तेथे मोदक ठेवीत. म्हाताऱ्या नर उंदराची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत जातात, तस्मात् पथ्य कडक, दाणे आणि डाळी बेताने, गोडधोड वर्ज्य. म्हणून पाचही दिवस काकू हातात पंखा घेऊन पिंजऱ्याशी बसून होत्या. त्या पंखा वारा घालण्यासाठी वापरीत होत्या की मुलांना हाकलण्यासाठी, हे नीटसे सांगता येणार नाही. जमलेले मोदक वाया जाऊ नयेत म्हणून ते मला खावे लागले.

आबासाहेबांचा रक्तदाब ही आमच्या आळीतील एक मान्यवर संस्था. परंतु हल्ली कट्ट्यावर तो विषय काढला की कोणीतरी "ते असू द्या, बंडोपंतांचे काय?" म्हणून विचारतो, आणि आबासाहेब खिन्न होतात. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे पाहून, त्या पशुवैद्याचा पत्ता मागितला. मी चमकलो.

"तुमचे ते डॉक्टर," आबासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "रोग्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत हात लावून तपासतात म्हणे. आमच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षभरात माझ्या तोंडाकडे पाहिलेले नाही. कागद पाहतात. शिवाय तुमच्या त्या रोग्याला बोलता येत नाही, म्हणून ते त्याचे ऐकतात."

शनिवारी चारची वेळ मिळाली आहे. आडनाव माझेच लावावे लागेल.