पात्यावर ४४०, पोटात ४२०

चिमुरात ४४० हा आकडा सध्या दोन ठिकाणी वाचायला मिळतो. एक, विजेच्या डीपीवर, कवटी आणि दोन हाडांच्या शेजारी. दोन, कुरिअरने आलेल्या दोनशे नव्याण्णव रुपयांच्या घडीच्या चाकूवर. त्यातला डीपीवरचा खरा असतो.

चाकूच्या खोक्यावर वाघ. व्याघ्रप्रकल्पाचं कोलारा गेट तालुक्यातच, तेव्हा वाघाचं अप्रूप इथे कुणाला असायचं कारण नाही, तरी वाघ. किंमत १,९९९, तीही खोडलेली, म्हणजे गिऱ्हाईकाने घरी येऊन सतराशे रुपये वाचवल्याचं सांगावं. चाकूला काच फोडायचं टोक, सीटबेल्ट कापायची खाच, शिट्टी आणि टॉर्च. मालकाकडे मोटारसायकल. जंगलात अडकलात तर जीव वाचेल असं खोकं सांगतं. चिमुरात हा चाकू दिवसातून चार वेळा तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी फाडतो. 'सर्जिकल स्टील' असंही लिहिलेलं असतं. हे नाव पोलादाच्या कुठल्याही एका ठरलेल्या प्रतीचं नाही, त्यामुळे ते कशावरही छापता येतं. पात्यावरची दमास्कसची लाटालाटांची नक्षी लेझरने काढलेली. पॉलिश पेपर मारा, लाटा ओसरतात. खऱ्या थरांच्या पोलादाची नक्षी घासून गेली तरी आम्लात बुडवली की परत वर येते.

हे सगळं माफ. सर्कशीच्या तंबूबाहेरचा बोर्ड कुणी शपथपत्र म्हणून वाचत नाही. पण तो ४४० चा शिक्का माफ करता येत नाही.

कारण ४४० नावाचं एकच पोलाद नसतंच. ४४०ए, ४४०बी, ४४०सी अशा तीन प्रती आहेत. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. धार किती टिकणार हे बरंचसं या कार्बनवर आणि पातं तापवून थंड कसं केलं यावर ठरतं. ज्याने खरोखर सी घातलं तो सी लिहायला विसरत नाही; पैसे त्या एका अक्षराचे असतात. अक्षर गाळून नुसतं ४४० लिहिलेलं असलं, की समजावं पाहुण्याने आडनाव सांगितलं आणि नाव विचारताच त्याला खोकला आला. खोकल्याच्या मागे फार तर ए असतो, आणि स्वस्तातल्या चाकूत बहुधा त्याहूनही खालची प्रत.

त्या खालच्या प्रतीचं अधिकृत नाव ४२०.

हे या सदरात रचलेलं नाही. पोलादाच्या नावनिशीत ४२० ही खरीखुरी प्रत आहे: क्रोमियम १२ ते १४ टक्के, कार्बन बेताचा. तिची जात वाईट नाही. गंजत नाही, पाट्यावर चार हात मारले की पुन्हा धार येते, कांदा-टोमॅटोला उत्तम. फक्त धार लवकर जाते. आता बिचाऱ्या प्रामाणिक कारखानदाराची अवस्था बघा. त्याने ४२० पोलाद वापरलं आणि पात्यावर खरं खरं ४२० कोरलं, तर या देशात तो चाकू हातात घेणारं पहिलंच गिऱ्हाईक ओरडणार, 'अरे, हा तर स्वतःच सांगून राहिला!' म्हणून तो ४४० कोरतो, म्हणजे चारसोबीस दिसू नये यासाठी चारसोबीस करतो, आणि गिऱ्हाईक पाच तारे देतं. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली आणि फसवणुकीचं ते कलम न्याय संहितेत ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसलं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून ४२० मोकळं झालं, आता तरी पात्यावर यायला हरकत नव्हती. आलं नाही. चिनी नावनिशीतलं जवळपास असंच पोलाद '३सीआर१३' म्हणून ओळखलं जातं. त्यातला ३ म्हणजे कार्बन सुमारे ०.३ टक्के, १३ म्हणजे क्रोमियम सुमारे १३ टक्के. नावातच कबुलीजबाब! म्हणून ते नावही पुसून तिथे ४४०, आणि खोक्यावर 'जपानी तंत्रज्ञान'.

खोट्या शिक्क्याला परंपरा मात्र दांडगी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनचे लोक हलक्या चाकूंवर इंग्लंडच्या शेफील्डचे शिक्के मारत. बोंब झाली, १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि परक्या मालावर देशाचं नाव आलं. पुढे सोलिंगेनचंच नाव इतकं मोठं झालं, की ते भलत्यांनी वापरू नये म्हणून १९३८ मध्ये जर्मनीला कायदा करावा लागला.

चिमूरचा चाकूतज्ज्ञ एका खुणेने ओळखता येतो: त्याच्या एका हाताच्या मनगटावर केस नसतात. चाकू आला की तो केस उतरवून दाखवतो, मग कागद कापतो. कारखान्यातली पहिली धार पत्र्याच्या झाकणालाही लावता येते, हे त्याला कुणी सांगत नाही. दुसरा तज्ज्ञ चुंबक आणतो. भांड्याच्या दुकानात शिकलेलं शास्त्र: चिकटलं नाही की अस्सल स्टील. चाकूत नेमकं उलटं आहे. ४२० आणि ४४० दोन्हींना चुंबक चिकटतं. ज्या पात्याला चिकटणार नाही ते बहुधा डब्या-ताटांचं स्टील, पाणी देऊन कडक न होणारं. म्हणजे 'अस्सल' ठरवून घेतलेला चाकू हा चपटा चमचा असतो.

परीक्षा घ्यायचीच तर बांबूची घ्यावी. बांबूत सिलिका असते, ती धार खाते. वाळलेल्या बांबूच्या थोड्या कामट्या काढा आणि पातं उजेडात आडवं धरा. धारेवर चमकणारी रेघ दिसली तर धार मुडपली, पोलाद मऊ. बारीक दाते पडले असतील तर पातं ठिसूळ, पाणी चुकलं. नख फिरवलं तरी कळतं. भंगारवाल्याकडे असतं ते धातू ओळखायचं हातातलं यंत्र इथे पुरं पडत नाही. त्याला क्रोमियम दिसतं, कार्बन दिसत नाही. नेमकी चोरी कार्बनची.

आठवडी बाजारातला लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा विळा करतो. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिक्का नाही, खोकं नाही, वाघ नाही. विळा गंजतो, हे तो आधीच सांगतो. धार गेली तर पुढच्या बाजारी तो तिथेच बसलेला असतो आणि गिऱ्हाईक सगळ्यांदेखत त्याची आई-बहीण काढू शकतं. या हमीला तोड नाही. तरी त्याच्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस दोनशे नव्याण्णव रुपये परक्याला मुकाट देतो, याचा संताप येतो. आणि जिल्हा कुठला? चंद्रपूर, ज्याच्या लोहाऱ्याच्या खनिजाचा आणि वरोऱ्याच्या कोळशाचा मेळ घालून लोखंड काढायचा विचार १८८० च्या दशकात झाला आणि कोळसा भट्टीला चालेना म्हणून बारगळला. शेजारच्या गडचिरोलीत आज सुरजागडचं लोहखनिज ट्रकांच्या रांगांनी रस्ते उखडत बाहेर जातं. डोंगर आमचा, धूळ आमची, आणि चाकू 'जपानी'!

पाटल्यांच्या खरेदीत सोन्याची शुद्धता शिक्क्यावर भागते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अंक-अक्षरांचा क्रमांक लागतो. पोलादाच्या पात्यावर मात्र ज्याला जे सुचेल ते. तक्रारीची सोय आहे. चंद्रपूर शंभरेक किलोमीटर, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात फी नाही. मालातला दोष तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. त्या तपासणीची रक्कम मात्र तक्रारदाराला आधी जमा करायला सांगता येते. दोनशे नव्याण्णवच्या चाकूसाठी.