जॅझला जाण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुंबईत जॅझचे कार्यक्रम दोन प्रकारचे असतात: आगामी आणि होऊन गेलेले. चालू असलेला कार्यक्रम असा एक तिसरा प्रकार काही जाणकार सांगतात, पण तो प्रत्यक्ष पाहिलेली माणसं कमी भेटतात. प्रस्तुत मार्गदर्शन मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे. तिसऱ्याला तोंड देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर ओढवेल, त्यांच्यासाठीही पुढे सूचना दिल्या आहेत. त्यांनी घाबरून जाऊ नये.

आगामी कार्यक्रम हाताळायला सर्वांत सोपा. मोबाइलवर त्याची जाहिरात येते: काळी पार्श्वभूमी, निळसर उजेड, सॅक्सोफोनची आकृती. (कार्यक्रमात सॅक्सोफोन असेलच असं नाही, जाहिरातीत तो शकुनाच्या सुपारीसारखा मांडलेला असतो.) ही जाहिरात तीन मित्रांना पाठवावी आणि खाली ‘जायचं का?’ एवढंच लिहावं. तिघांकडून ‘बघू’ असं उत्तर येईल. तिन्ही ‘बघू’ जमा झाले की साधकाचं सांस्कृतिक कर्तव्य पूर्ण होतं. पुष्कळ लोक इथवरच येतात आणि तरीही वर्षानुवर्षं जॅझप्रेमी म्हणून ओळखले जातात.

ज्यांना याहून पुढे जायचं आहे, त्यांनी जाहिरात वाचायला शिकावं. ‘ट्रिओ’ म्हणजे बहुधा पियानो, डबल बास आणि ड्रम्स. ‘क्वार्टेट’ म्हणजे त्यात आणखी एक जण, आणि ‘क्विंटेट’ म्हणजे असाही एक जण, ज्याला त्या चिमुकल्या मंचावर जागा न मिळाल्याने तो वेटरच्या वाटेत उभा राहून वाजवतो. ‘स्टँडर्ड्स’ असं लिहिलं असेल तर बरीचशी गाणी शंभरेक वर्षांपूर्वीपासूनच्या अमेरिकन नाटक-सिनेमांतली असणार. थोडक्यात, त्यांचं नाट्यसंगीत. ‘फ्युजन’ म्हणजे तबला आहे. ‘जॅझ ब्रंच’ म्हणजे अंडी आहेत. ‘ट्रिब्यूट’ म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपली तो येणार नाही. आणि फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत जो मोठा महोत्सव भरत आला आहे तो ब्लूजचा. तिथे जाऊन आल्यावर ‘जॅझला गेलो होतो’ असं म्हणणाऱ्याला दोन्हीकडचे लोक कायमचं वाळीत टाकतात.

तारीख निवडताना पंचांगाची गरज नाही. युनेस्कोने 2011 साली 30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ठरवला. तो ठरवताना आपल्या राज्याचा इतका बारकाईने विचार झाला असेल असं वाटलं नव्हतं, पण 1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन. जॅझच्या दुसऱ्या दिवशी हक्काची सुट्टी देणारं दुसरं सरकार शोधून दाखवा. उरलेल्या सगळ्या रात्रींना मात्र साधकाची गाठ मध्य रेल्वेशी आहे. नऊ वाजताचा कार्यक्रम पावणेदहाला सुरू होतो. पहिल्या सेटमध्ये वादक ध्वनिव्यवस्थेशी जुळवून घेत असतात. दुसऱ्या सेटमध्ये ते खुलतात. दुसरीकडचा कार्यक्रम उरकून आलेला एखादा ट्रम्पेटवाला मंचावर चढतो. आणि नेमकी तेव्हाच डोंबिवलीच्या माणसाची शेवटची गाडी डोळ्यांपुढे उभी राहते. मुंबईचा दुसरा सेट ठाण्यापलीकडच्या जनतेने आजवर ऐकलेला नाही. तो चांगला असतो, असं सांगतात.

आता स्थळ. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जाणार असाल तर पोट भरून जा. तिथे लोक मंचाकडे तोंड करून बसतात आणि संगीत चालू असताना बोलत नाहीत. तिथलं टाटा थिएटर 1980 मध्ये उघडलं. फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुरचनाकाराने ते अशा बेताने बांधलं की गायक-वादकाला माइकचा आधार लागू नये. अर्थात तोच न्याय तुमच्या वेफर्सच्या पिशवीलाही लागू होतो. ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी क्लबात जावं. लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात 2007 ते 2016 ब्लू फ्रॉग नावाचा क्लब होता. तो बंद झाला तेव्हा हळहळणाऱ्यांची संख्या त्याच्या खुर्च्यांच्या कैक पट निघाली. ही सगळी माणसं वेळेवर आली असती तर उभं राहायलाही जागा मिळाली नसती, हे लक्षात घेता त्यांचा संयम वाखाणण्याजोगा आहे.

क्लबात पेयपान करणाऱ्यांसाठी कायद्याची एक बाजू. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे आणि त्यानुसार परवाना लागतो; बीअरला वय 21 पूर्ण, त्यापुढच्या पेयांना 25. हा विषय आपल्या शास्त्राशी अगदीच असंबद्ध नाही. दारूबंदी आली तेव्हा शहरातल्या नाचगाण्याच्या दिवाणखान्यांचं कंबरडं मोडलं आणि तिथल्या बँडवाल्यांना पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओंवर अधिकाधिक विसंबावं लागलं.

हा इतिहास जरा सविस्तर पाठ करावा. कारण क्लबात शेजारच्या टेबलावर ‘हे काही आपलं संगीत नव्हे’ असं म्हणणारा एक गृहस्थ असतोच आणि तो बहुधा तुमचाच मेहुणा असतो. त्याला पुढीलप्रमाणे उत्तर द्यावं.

1935 मध्ये लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. स्वतःच्या देशात पुढच्या दाराने हॉटेलात शिरताना ज्यांना दहादा विचार करावा लागे, ते इथे ताजच्या नृत्यगृहात साहेब आणि संस्थानिकांना नाचवत होते. त्यांचं वाजवणं कान टवकारून ऐकणारे होते गोव्याचे पोरगे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून ते मुंबईत येत आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडात, एका ट्रंकेपुरती जागा धरून राहत. आल्दोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. ट्रम्पेट असा वाजवी की लोकांनी त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग ठरवून टाकलं. स्वतः त्याने नाव घेतलं चिक चॉकलेट.

मेहुणा इथे ‘बरं मग?’ म्हणेल. त्याला आता पुणतांब्याला न्यावं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांनी या चिक चॉकलेटला संगीत सहायक म्हणून सोबत घेतलं. 1951 च्या ‘अलबेला’त चिक आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. पुढे नाचणारे अर्थातच भगवानदादा. आजही वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत खांदे उडवत, पाय सरकवत एक काका त्यांच्या ढंगाने नाचतात. ते काका स्विंगवर नाचत असतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच. त्या काळी चर्चगेटच्या रस्त्यावर अँबॅसेडर, ॲस्टोरिया, गेलॉर्ड असा हॉटेलाहॉटेलांतून बँड ऐकू येई. रात्री तिथे वाजवणारे दिवसा रेकॉर्डिंगला हजर. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक ती साठ-सत्तर वाजवणाऱ्यांसाठी कागदावर उतरवत. पडद्यावर नाव मात्र गुणगुणणाऱ्याचं येई. अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरांत पोचलं ते 1977 मध्ये, तेही अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर आला म्हणून. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात घालायला लावलं. एवढ्यानेही मेहुणा नमला नाही तर शेवटचं अस्त्र काढावं: 1988 चं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’. पंडित भीमसेन जोशींपासून सुरू होणाऱ्या त्या गाण्याच्या कामात अशोक पत्कींबरोबर लुई बँक्स यांचंही नाव येतं, आणि लुई बँक्स म्हणजे आपल्या देशातल्या जॅझचे कुलगुरू. यावरही तो ‘आपल्याला जॅझ कळत नाही’ म्हणाला तर ते त्याचं वैयक्तिक मत समजावं. मराठी माणसाच्या वतीने बोलण्याचा त्याचा अधिकार संपला.

साठीपुढच्या श्रोत्यांशी बोलताना ‘जॅझ यात्रा’ हे शब्द जपून उच्चारावेत. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स आला होता. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली ही यात्रा भरे आणि तिथे ‘त्या रात्री मी होतो’ असं सांगणारे इतके आहेत की रंगभवनाचं क्षेत्रफळ आझाद मैदानाएवढं असलं पाहिजे. ऐकून घ्यावं. मध्येच ‘मग आता तिथे का नाही होत?’ असं विचारू नये. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असावं, असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज आणि हाकेच्या अंतरावर रुग्णालयं. तेव्हा तिथे सॅक्सोफोन वाजवता येत नाही. मोटारींचे भोंगे वाजतात, पण ते संगीतात मोडत नसल्यामुळे शांतता भंग होत नसावी.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष ऐकण्याचा प्रसंग टळणार नाही. टाळ्यांचं तंत्र आधी सांगतो, कारण मराठी माणूस सर्वांत आधी तिथेच पकडला जातो. चार मात्रांच्या तालात आपला हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. आरतीने लावलेली सवय आहे ती. स्विंगमध्ये ठोका दुसऱ्या आणि चौथ्यावर. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखाली झांजांची एक जोडी असते, ती कधी मिटते ते पाहावं आणि तिच्याबरोबर टाळी द्यावी. हे दहा मिनिटं जमलं की हात खाली ठेवावेत. पुढे चुकण्याचीच शक्यता जास्त.

दाद मात्र वेगळी. आपण समेवर ‘वा’ म्हणतो. इथे एकाचा सोलो संपून दुसऱ्याचा सुरू होताना टाळ्या देतात. सोलो संपला हे कसं ओळखायचं? मोजून. पुष्कळशा स्टँडर्ड्सचा साचा बत्तीस बारांचा असतो: आठ-आठ बारांचे चार तुकडे, त्यांतला पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा निराळा. त्या तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. एका बारात चार ठोके, म्हणजे एका आवर्तनाचे 128. विलंबित एकतालात तबलजीबरोबर मनातल्या मनात समेपर्यंत पोचणाऱ्याला हे जड जाऊ नये. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक जण त्याच स्वरसंगतीवर आपलं रचत जातो आणि बाकीचे आवर्तन सांभाळतात. सॅक्सोफोनवाला डोळे मिटून हरवून गेलेला दिसतो. तो हरवलेला नसतो, मोजत असतो. ब्रिज आला की शेजाऱ्याकडे पाहून किंचित मान हलवावी. न मोजता हलवली तरी चालते, असं सांगणारे मार्गदर्शक आहेत. त्यांच्या नादी लागू नये, कारण नेमकं चुकीच्या जागी मान हलवणारा माणूस मंचावरून स्पष्ट दिसतो.

त्यानंतर बास सोलो. डबल बासचा आवाज मुळात खालचा, आणि सोलोत बाकीचे वादकही हात आवरतात. पोकळी भरून काढणं हे प्रत्येक श्रोत्याचं कर्तव्य असल्यामुळे सगळा क्लब याच वेळी बोलू लागतो. मुलांच्या शाळा, पुनर्विकासाचे भाव, कोण अमेरिकेहून आलंय: शहरातले महत्त्वाचे निर्णय बास सोलोत होतात. साधकाने मात्र इथे गप्प राहून बघावं. एकट्यानेच गप्प राहिल्याने विचित्र वाटेल, पण या अवस्थेचा पुढे उपयोग आहे.

पुढे ड्रमवाला आणि बाकीचे चार-चार बार आलटून पालटून वाजवतील. सवाल-जवाब म्हणून ते मेहुण्यालाही आवडेल. त्याने ‘क्या बात है’ म्हटलं तर म्हणू द्यावं. मंचावरच्यांना ते समजतं आणि रुचतं. फर्माइश मात्र करू देऊ नये. केलीच, तर ती ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची नसेल एवढं पाहावं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारतील, कोण होतं काल? गायिकेचं नाव सांगू नये. तिचे व्हिडिओ लोकांनी पाहिलेले असतात आणि ते तुमची उलटतपासणी घेतील. पियानोवाल्याच्या नावावरही मतं असतात. बासवाल्याचं नाव सांगावं. ‘बासवर अमुक होता’ असं म्हणून किंचित थांबलं की पुढे कुणी काही विचारत नाही. नाव मात्र खरंच ठाऊक हवं. मंचावरून ते एकदाच सांगतात, शेवटच्या गाण्यात, ड्रम्स वाजत असताना, आणि त्या वेळी अवघा क्लब बिल मागत असतो.