एका दाताचा सवाल

हा माणूस ओळखायचा तर त्याच्या नखांकडे बघावं. तिथे ग्रीसची एक काळी रेघ कायमची मुक्कामाला आलेली असते. लग्नाच्या पंगतीत वरण-भात कालवतानाही ती दिसते. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी बरी, पोट जरा जास्तच बरं, आणि दारात केटीएम ड्यूक ३९०. आडनाव काहीही असो, गल्लीत आणि नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांत तो ‘दातेसाहेब’. कारण त्याचा सगळा जन्म स्प्रॉकेटचे दात मोजण्यात चाललाय.

सिग्नलला शेजारी कुणाची गाडी थांबली, की हेल्मेटची काच वर करून तो विचारतो, “पुढे किती, मागे किती?” नवख्याला वाटतं, हा टायरमधली हवा विचारतोय. तो भाबडेपणाने सांगतो, “पुढे पंचवीस, मागे तेहेतीस.” दातेसाहेब हळहळून काच खाली घेतात.

त्यांचं गणित समजून घ्यायचं तर जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी जावं. वाटी म्हणजे इंजिनाकडचं स्प्रॉकेट, ताट म्हणजे मागच्या चाकाचं. ड्यूकला कंपनी पुढे १५ दात देते आणि मागे ४५. म्हणजे वाटी तीनदा फिरेल तेव्हा ताट एकदा. वाटी लहान केली, १४ ची, तर भागाकार ३.२१ होतो, चाकाला जोर सात टक्क्यांनी जास्त मिळतो, सिग्नल सुटताच गाडी उसळते. पण हायवेला त्याच वेगासाठी इंजिन सात टक्के जास्त फिरतं, हँडल झिणझिणतं, पेट्रोलही खातं. वाटी १६ ची केली तर २.८१. ताशी शंभरला जिथे इंजिन सहा हजार फेरे घेत होतं, तिथे आता साडेपाच हजारांच्या वर थोडं. गाडी शांत, पण पिकअप गेला. “बरं, ताटच बदललं तर?” असं चुकूनही विचारू नये. मागचे तीन दात वाढवणं आणि पुढचा एक कमी करणं जवळपास सारखंच, हे ते कोशिंबिरीत बोट बुडवून ताटावर लिहून दाखवतात.

“अहो, ते ताट धुवायचंय.”

आता हा सगळा हिशोब चाकणला ड्यूक बनवणाऱ्यांनी केलाच असणार, १५ आणि ४५ काही चिठ्ठ्या टाकून काढलेले नाहीत, हे दातेसाहेबांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की तो हिशोब सगळ्यांसाठी आहे आणि आपण म्हणजे काही सगळे नाही.

आपण म्हणजे दोन माणसं, ही खरी अडचण. सोमवार ते शुक्रवार ते लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा आणि पीएमपीच्या फटीतून वाट काढतात, तेव्हा त्यांना १४ हवं असतं. शनिवारी पहाटे कोल्हापूरला मिसळ खायला निघायचं, तेव्हा १६. त्यामुळे शुक्रवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑपरेशन असतं. जमिनीवर पेपर, कपाळावर टॉर्च. स्प्रॉकेट सैल करताना चाक फिरू नये म्हणून बायकोने गाऊनवर शाल पांघरून मागचा ब्रेक दाबून धरायचा. पुढे दोन दात वाढले की तीच चेन पुरावी म्हणून मागचं चाक आठेक मिलिमीटर पुढे घ्यायचं, मग चेनचा ढिलेपणा बोटाने जोखायचा, मग दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या का ते बघायचं. त्या सारख्या येत नाहीत. साडेअकरा वाजतात. एका दातावर खडूने खूण करून दातेसाहेब खात्रीसाठी पुन्हा मोजायला बसतात, बाराव्या-तेराव्या दातावर वॉचमन विचारतो, “साहेब, गाडी बंद पडली का?” आणि मोजणी पुन्हा एकपासून.

एवढं करून जायचं कुठे? मुंबईच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. कोल्हापूरच्या महामार्गावर २०१८ च्या केंद्राच्या नियमाने दुचाकीची मर्यादा ताशी ८०. पण ११० ला इंजिन किती गार पडतं, यावर ते तासभर बोलू शकतात.

टॉप स्पीडचा विषय मात्र त्यांच्याकडे काढू नये. मोठी वाटी लावली की गाडी जास्त पळणार, असा त्यांचा पहिला हिशोब होता. पण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. १६ लावल्यावर सहाव्यात गाडी दमायला लागली, पाचव्यात जास्त पळाली. चार हजार मोजून आणलेल्या वाटीमुळे शेवटचा गिअर शोभेचा झाला, हे त्यांनी घरी सांगितलेलं नाही.

असंच एकदा १६ लावून निघालेले, मागे बायको. ड्यूकची मागची सीट म्हणजे पाटावर ठेवलेली पापडाची लाटी. ती माउली त्यावर दोन तास बसली होती. खंबाटकी घाटात पुढे उसाचा ट्रक. दातेसाहेब सहाव्यातच, चाळीसच्या वेगाने. इंजिन घरघरायला लागलं, चेन टकटक वाजू लागली. ते मान वाकडी करून आवाज ऐकत म्हणाले, “बघ, रेशो चुकतोय. मागे बदल करायला हवा.”

“अहो,” मागून आवाज आला, “गिअर खाली घ्या की.”

त्यांनी तीन गिअर खाली घेतले. गाडी ट्रकला मागे टाकून निघून गेली. साताऱ्यापर्यंत कुणी काही बोललं नाही.

कंदी पेढ्यांच्या दुकानात त्यांनी पेन मागून घेतलं आणि बॉक्सच्या झाकणावर आकडेमोड सुरू केली. पुढे १६ तसंच ठेवायचं, हायवेसाठी. घाटासाठी मागे तीन दात वाढवायचे. पंचेचाळीस आणि तीन, अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस भागिले सोळा.

उत्तर तीन आलं. त्यांनी झाकण उलटं केलं आणि पुन्हा मांडलं.